वस्ताद भाजी करायला शिकतात

बसडेपोच्या कॅन्टीनमध्ये वस्तादांचा शब्द शेवटचा असायचा. साठ-बासष्ट ड्रायव्हर, तेवढेच कंडक्टर आणि वर्कशॉपमधले काळ्या हातांचे मेकॅनिक दिवसातून एकदा तरी त्यांच्या खिडकीसमोर ताट घेऊन उभे राहत. खुद्द डेपो मॅनेजरसुद्धा रांग मोडत नसे. एकदा मोडली होती, तर त्या दिवशी त्याच्या ताटात सगळ्यात लहान बटाटा पडला होता.

बटाटे हा वस्तादांचा हातखंडा. जाड चकत्या करून दोनदा तळायच्या आणि वरून मीठ असं उधळायचं की जेवणारा पाण्याचे दोन ग्लास तरी रिचवणारच. सोबत लोण्याने चोपडलेला पांढरा पाव, मलई घातलेला घट्ट रस्सा, शेवटी साखर भुरभुरलेला गोड पाव आणि चार चमचे साखरेचा चहा. "माणूस आठ तास स्टिअरिंगवर बसतो. पोटाला आधार नको?" असं वस्ताद विचारायचे, आणि विचारता विचारताच ताटात आणखी एक डाव पडलेला असायचा. कुणी नको म्हटलं तर त्यांना खरोखर वाईट वाटे. बोलून माया दाखवणं त्यांना कधी जमलंच नाही, सगळी माया त्या डावातून वाहायची.

ती सगळ्यात जास्त वाहायची ती भोंग्याच्या ताटात. भोंगा म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, अकरा नंबरच्या मार्गावरचा ड्रायव्हर. आवाज असा की बसचा हॉर्न बिघडला तरी त्याचं काही अडलं नसतं, म्हणून हे नाव. तो ताट पुढे करायचा आणि म्हणायचा, "भावजी, हात आखडता नको." आणि भावजींना हात मुळात आखडताच येत नसे.

डेपोत एकच माणूस असा होता की ज्याने वस्तादांच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. सत्त्याऐंशी वर्षांचे एक निवृत्त ड्रायव्हर. सावकाश पण न थांबता चालत, म्हणून सगळे त्यांना फर्स्ट गिअर म्हणत. दर शुक्रवारी बारा वाजता ते यायचे, बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलावर स्वतःचा डबा उघडून बसायचे. आपल्या कॅन्टीनमध्ये बाहेरचा डबा! बावीस वर्षं वस्ताद ते बघून मनातल्या मनात धुमसत होते, पण वयाकडे बघून गप्प बसत होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना डेपोत नव्या डॉक्टरबाई आल्या. उंच, सडपातळ, पायात कॅनव्हासचे बूट. ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी त्यांनी चार दिवसांत उरकली आणि पाचव्या दिवशी हातात कागद घेऊन थेट कॅन्टीनच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

"बासष्ट जण तपासले," त्या म्हणाल्या. "अकरा जणांची गाडी बंद करावी लागली. कुणाची साखर, कुणाचा रक्तदाब, काहींचं दोन्ही. म्हटलं, हे सगळे दुपारी जेवतात कुठे ते एकदा बघून यावं."

"म्हणजे मी यांना विष घालतो असं म्हणायचंय तुम्हाला?"

"विष नाही हो. बटाटे."

मागे भाजी चिरत बसलेल्या ताईच्या विळीचा आवाज थांबला. ही ताई वस्तादांची मदतनीस. दिवसातून चार वाक्यं बोलायची, तीही मोजकी. वस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, "बाई, इथे माणसं हसत येतात आणि हसत जातात. बावीस वर्षांत एकाचंही पोट बिघडलेलं नाही."

"पोट नाहीच बिघडणार," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "बिघडतं ते हळूहळू, आत कुठेतरी, आणि कळतं तेव्हा माणूस पंचावन्नचा झालेला असतो. कागद ठेवून जाते. रोज थोडं कडधान्य, भरपूर भाजी, कोंड्यासकटचा पाव, फळ, मूठभर बदाम-अक्रोड. मीठ, साखर आणि तळण कमी. यात नवीन काही नाही. पण उद्यापासून हे खाल्लं तर पन्नाशीच्या माणसालाही त्याचा उपयोग होतो."

बाई गेल्या. वस्तादांनी कागदाची घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.

संध्याकाळी घरी गेल्यावर मात्र त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. त्या अकरा जणांत भोंगाही होता. तीन महिने गाडी बंद. तोवर चौकशीच्या खिडकीत बसायचं, बस कुठल्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं.

ही बातमी दिली ती बायकोने. ती टपाल कचेरीत पत्रं लावायची, आणि घरातसुद्धा तिचं बोलणं नेमक्या खणात जाऊन पडायचं.

"आमचे बाबा बावन्नाव्या वर्षी गेले," ती म्हणाली. "सकाळी जेवणाच्या टेबलावरून उठले आणि दारापर्यंत पोचले नाहीत. धाकट्याला आता अठ्ठेचाळिसावं लागलंय."

"मला काय माहीत नाही होय?"

"माहीत आहे ना? मग त्याला दुसऱ्यांदा वाढणारा हात कुणाचा आहे, तेही माहीत असेल."

वस्तादांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांनी ताट अर्धवट सोडलं, आणि असं त्यांच्या आयुष्यात फारसं झालेलं नव्हतं.

रात्रभर विचार करून त्यांनी निर्णय घेतला, आणि तो नेहमीप्रमाणे टोकाचा घेतला. सोमवारी दुपारी खिडकीवर बटाटे नव्हते. रस्सा नव्हता. गोड पाव नव्हता. होता तो उकडलेला कोबी, उकडलेलं गाजर आणि बिनमिठाची मसूर. सगळं एकाच करड्या रंगाकडे झुकलेलं.

पहिला ड्रायव्हर ताटाकडे बघत राहिला. "वस्ताद, कुणी आजारी आहे का?"

"जेव मुकाट्याने. तुझ्याच भल्यासाठी आहे."

साडेबारापर्यंत निम्मी ताटं जशीच्या तशी परत आली. कंडक्टर मंडळी काढता पाय घेऊन फाटकाबाहेरच्या खाण्याच्या गाडीकडे वळली, आणि मेकॅनिकांनी कोबीचा एक तुकडा पान्याने उचलून त्याची तपासणी केली. एवढ्यात डेपोभर स्पीकर खरखरला आणि भोंग्याचा आवाज घुमला, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. कॅन्टीनमध्ये आज जेवण नाही. तिथे जे आहे त्याला काय म्हणतात याची चौकशी चालू आहे."

फलाटावरचे प्रवासीसुद्धा हसले. वस्तादांचे कान लाल झाले.

घरी त्यांनी बायकोपुढे उरलेला डबा ठेवला. तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही भाजी करत नाही, तिला शिक्षा करता."

"भाजी ही अशीच लागते."

"नाही. तुम्हाला येत नाही. बटाटे तळायला तुमच्यासारखा माणूस नाही, पण भाजी तुम्हाला करता येत नाही. कबूल करा आणि मोकळे व्हा."

चोपन्नाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोकडून हे ऐकायचं म्हणजे काय! त्यांनी डबा उचलून मोरीत नेऊन ठेवला. पण मनात खोल कुठेतरी त्यांना ते पटलं होतं, आणि म्हणूनच राग जास्त आला होता.

दुसऱ्या दिवशी ते तावातावाने डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. हे आपल्याच्याने होणार नाही, असं सांगायचं म्हणून गेले होते. बाईंनी "बसा" म्हटलं, आणि ते बोलत असतानाच त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मग बोटाला सुई टोचली. आकडे बघून त्यांनी चष्मा काढला.

"तुमची साखर शेवटची कधी तपासली होती?"

"कधीच नाही. कॅन्टीनवाल्यांना तपासणी लागत नाही. आणि मी दिवसभर खातोच कुठे? नुसती चव बघतो."

"बरं. मग एक काम करा. उद्या जितक्यांदा चव बघाल, तितक्यांदा तेवढंच एका वाटीत काढून ठेवा. संध्याकाळी वाटी मला दाखवा."

कॅन्टीनमध्ये जुनंच जेवण परत आलं होतं, आणि वाटीवर देखरेख करायचं काम ताईकडे आलं. सकाळी रस्सा उकळताना एक चमचा. बटाट्याची एक चकती, मीठ बरोबर आहे का बघायला. दुसरी चकती, कारण पहिलीवर मीठ कमी होतं. गोड पावाचा तुटलेला कोपरा, तो काय गिऱ्हाइकाला द्यायचा? मलई. परत रस्सा. चहात साखर पडली की नाही ते. दुपारी दोन वाजता वाटी काठोकाठ भरली. चार वाजता ताईने दुसरी भरलेली वाटी पहिलीच्या शेजारी ठेवली, आणि एक बटाटा वाटीत मावत नव्हता म्हणून बशीत ठेवला. मग हात पुसून ती परत विळीवर बसली.

वस्ताद भांडारात जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसले. बाईंनी त्यांना आकडा सांगितला होता. तो भोंग्याच्या आकड्यापेक्षा मोठा होता. इतकी वर्षं इतरांना खाऊ घालत आलो आणि आपलं आयुष्य आपण चवीचवीने संपवत आलो, असं काहीसं त्यांच्या मनात येऊन गेलं. भीती वाटली. मुलीचं अजून शिक्षण व्हायचं होतं. बायकोबरोबर समुद्र बघायला जायचं सतरा वर्षं राहून गेलं होतं. पोत्यातला एक बटाटा मांडीखाली टोचत होता, पण उठावंसं वाटेना.

शुक्रवारी बारा वाजता फर्स्ट गिअर आले. चहा घेऊन कोपऱ्यात बसले आणि डबा उघडला. आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच वस्ताद खिडकी सोडून त्यांच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

"काका, एक विचारू? रागवणार नाही ना?"

"सत्त्याऐंशीव्या वर्षी रागवायला फार दम लागतो. विचार."

"माझ्या हातचं तुम्ही कधी खाल्लं नाहीत."

म्हातारबाबा हसले. "तुझे बटाटे मला फार आवडतात रे. वासानेच ओळखतो. एक खाल्ला तर दहा खाईन, म्हणून डबा आणतो." आणि त्यांनी डबा पुढे सरकवला. "घे."

डब्यात भाजलेल्या लाल भोपळ्याच्या फोडी होत्या, कडा काळपट, आतून मऊ. लसूण-लिंबू लावलेला घेवडा होता, जाडसर पावाचा एक तुकडा आणि कोपऱ्यात पाच बदाम. वस्तादांनी भोपळ्याची फोड तोंडात टाकली. गोड, किंचित कडसर, मागून मिऱ्याचा झटका. त्यांनी दुसरी घेतली. तिसरीला हात लावताना त्यांना लाज वाटली.

"हे कुणी केलं?"

"मी. बायको जाऊन तेवीस वर्षं झाली. ती नर्स होती. तिने लावलेली सवय, तिच्यामागे चालू ठेवली एवढंच. मी काही फार शहाणा नव्हतो, सुरुवातीला मीही तोंड वाकडं करायचो."

"आणि त्यामुळे तुम्ही इतके जगलात?"

"तसं कसं सांगू? नशीबही लागतं. माझा एक भाऊ असंच जेवायचा, तो साठीतच गेला." त्यांनी घेवड्याचा दाणा काट्याने टिपला. "पण एक सांगतो. आम्ही बावीस जण एकाच दिवशी या डेपोत लागलो. आज मी एकटा आहे. त्यातले बरेचसे निवृत्तीनंतर पाच-सात वर्षंसुद्धा टिकले नाहीत. मी दर शुक्रवारी इथे का येतो माहीत आहे? घरी जेवायला सोबत नाही. पण इथे येऊनही बसतो एकटाच, कारण माझ्या वयाचं कुणी उरलेलं नाही. तेव्हा तू या पोरांना जरा जास्त जगव. मला सोबत होईल."

पोरं म्हणजे पन्नाशीतले, टक्कल पडलेले ड्रायव्हर. वस्तादांना हसू आलं.

"काका," ते म्हणाले, "मला भाजी येत नाही."

बावीस वर्षांची वस्तादी बाजूला ठेवून हे वाक्य बाहेर पडलं होतं. म्हातारबाबांनी ते अगदी साधेपणाने घेतलं. "रविवारी सकाळी ये. सुरी आपली आण, माझी बोथट आहे."

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण ते जिन्याने चढत. स्वयंपाकघर एवढंसं की दोघांना एकदम वळता येत नव्हतं. खिडकीत कोथिंबिरीचा डबा, ओट्यावर रात्रभर भिजवलेला घेवडा, आणि भिंतीला टांगलेला एक जड, काळाकुट्ट तवा.

वस्तादांनी सवयीने गाजर, भोपळा आणि फ्लॉवर ओतून ट्रे गच्च भरला. म्हातारबाबांनी त्यांचा हात धरला.

"डेपोत गाड्या अशा चिकटवून लावतोस का? एकही बाहेर निघणार नाही. प्रत्येक फोडीला चारी बाजूंनी जागा सोड. गर्दी झाली की भाजी स्वतःच्याच वाफेत उकडते. आणि उकडली की तुझा सोमवार होतो."

सोमवारची कीर्ती इथवर पोचली होती तर! वस्ताद निमूटपणे फोडी पसरू लागले. ओव्हन आधी कडकडीत तापवायचा, तेल हाताने चोळून लावायचं म्हणजे चमचाभर पुरतं. कडधान्य शिजताना त्यात लसणाची अख्खी पाकळी सोडायची. लिंबू पिळायचं ते उतरवल्यावर. आणि मीठ?

"मीठ शेवटी, वरून, चिमटीने. आत शिजवलेलं मीठ पोटात जातं, वरचं आधी जिभेला भेटतं. म्हणून थोडं पुरतं."

हे वस्तादांच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. ते थक्क होऊन बघत राहिले. जेवताना म्हातारबाबा सावकाश चावत, मध्येच गप्पा मारत, आणि अजून थोडी भूक आहे असं वाटत असतानाच त्यांनी काटा खाली ठेवला. "उरलेली जागा पोटाची," ते म्हणाले. "ती त्याच्यासाठी सोडायची."

वस्ताद असे पाच रविवार गेले. तिसऱ्या रविवारी त्यांचा भोपळा म्हातारबाबांपेक्षा चांगला झाला. दोघांनीही ते ओळखलं, पण एकानेही बोलून दाखवलं नाही.

कॅन्टीनमध्ये या वेळी त्यांनी घाई केली नाही. बटाटे काढलेच नाहीत, फक्त रांगेच्या शेवटी नेले आणि आठवड्यातून दोनदाच ठेवले. तिथवर पोचेपर्यंत ताटात भाजी आणि घेवडा बसलेला असे, मग बटाट्याला जागा राहायची ती चार चकत्यांपुरती. बटाटे वाढायला मोठा डाव बाजूला ठेवून ताईकडचा छोटा डाव घेतला. मीठ त्यांनी रोज इतकं थोडं कमी केलं की कुणाला पत्ताही लागला नाही. गोड पावाच्या जागी कापलेली फळं आली, चहातला साखरेचा चौथा चमचा गेला, मग पंधरा दिवसांनी तिसरा.

फक्त पावाचा रंग लपत नव्हता. लांबट चेहऱ्याचा एक तिकीट तपासनीस पाव उलटसुलट करून म्हणाला, "वस्ताद, आज पाव काळा कसा?"

"ऊन फार आहे," वस्ताद म्हणाले आणि पुढच्याला वाढायला लागले.

सगळ्यात आधी वळले ते मेकॅनिक. भाजलेल्या फ्लॉवरच्या करपट कडांवरून त्यांच्यात भांडणं होऊ लागली. कुणी ट्रेच्या कोपऱ्यातली फोड घेतली यावरून एकाने दुसऱ्याशी दोन दिवस अबोला धरला. मग कंडक्टर परतले. सगळ्यात शेवटी ड्रायव्हर बधले. एका दुपारी डेपो मॅनेजरने मसुरीचं सूप दुसऱ्यांदा मागितलं, तेव्हा ताईने मागून त्या दिवसाचं पाचवं वाक्य उच्चारलं, "संपलं." तिच्या तोंडून ते एखाद्या विजयासारखं निघालं.

अडून बसला होता तो एकटा भोंगा. भावजींसमोर घेवडा खायचा, बहिणीसमोर कोशिंबीर खायचा आणि मधल्या वेळात चौकशीच्या खिडकीत बसून झुरायचा. एक दिवस त्याला राहवेना. फाटकाबाहेरच्या गाडीवाल्याला त्याने खिडकीशी बोलावलं आणि आपल्या परीने कुजबुजला, "दोन गोड पाव दे. साखर जास्त. आणि भावजींना कळता कामा नये."

माइक चालू होता.

फलाट एक ते सहा, वर्कशॉप, मॅनेजरची खोली आणि कॅन्टीन, सगळीकडे ते खणखणीत ऐकू गेलं. मग चार नंबर फलाटावरून एक आजीबाई ओरडली, "अरे, नको खाऊस! तुझ्या भावजींना कळलं!" साऱ्या डेपोत हशा पिकला. वस्ताद हातातला डाव घेऊन तसेच चौकशीच्या खिडकीशी पोचले. भोंगा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले.

"भावजी, मला गाडी पाहिजे हो," तो म्हणाला, आणि या वेळी त्याचा आवाज खरोखर लहान होता. "इथे बसून जीव गुदमरतो. आणि बाबांसारखं व्हायचं नाही मला. पण तोंड ऐकत नाही."

"माझंही ऐकत नाही," वस्ताद म्हणाले. "माझा आकडा तुझ्यापेक्षा मोठा आहे. तुझ्या बहिणीलाही सांगितलेला नाही अजून."

भोंगा बघतच राहिला. मग त्याने माइकचं बटण नीट बंद झाल्याची खात्री केली. "किती?"

वस्तादांनी सांगितला. त्या दिवसापासून दोघं बरोबर जेवू लागले. संध्याकाळी डेपो ते घर हा अर्ध्या तासाचा रस्ता बस सोडून पायी चालू लागले, आणि वाटेत गोड पावाच्या आठवणी काढू लागले. घरी पोचेपर्यंत भूक लागलेली असे. बायकोला त्यांनी आकडा सांगितला तेव्हा ती रागावली नाही. फक्त तिने साखरेचा डबा उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, आणि ती उंचीने लहान असल्यामुळे त्यासाठी तिला स्टुलावर चढावं लागलं.

तीन महिन्यांनी अकराही जणांची पुन्हा तपासणी झाली. सात जणांना गाडी मिळाली. दोघांना औषध वाढवावं लागलं, दोघांना आणखी थोडे दिवस थांबायला सांगितलं. भोंग्याची साखर खाली आली होती, रक्तदाबाला एक छोटी गोळी मात्र रोज घ्यायची होती. "नुसत्या अन्नाने सगळं सुटत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण औषधाचं निम्मं काम ते करतं. गाडी घ्या तुमची."

मग त्यांनी वस्तादांच्या बोटाला सुई टोचली. आकडा बघून त्यांच्या भुवया उंचावल्या, पण या वेळी चष्मा नाकावरच राहिला.

"उतरलाय. चांगलाच उतरलाय."

"म्हणजे आता मी किती वर्षं जगणार?"

"ते मला कसं माहीत? घरी जाताना रस्ता बघून ओलांडा." बाई हसल्या. "जितकी असतील त्यात पाच-सहा चांगली वर्षं वाढण्याची शक्यता तुम्ही वाढवलीत, एवढं म्हणेन. आणि एकट्याची नाही, दीडशे माणसांची. मी कागद देऊन गेले होते. पण तो कागद चविष्ट तुम्ही केलात."

तो कागद अजून टेबलाच्या पायाखाली होता, हे वस्तादांनी त्यांना सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात भोंगा अकरा नंबर घेऊन फाटकाबाहेर पडला. पहिल्या वळणावर त्याने गरज नसताना तीनदा हॉर्न वाजवला, आणि चौथ्यांदा खिडकीतून स्वतःच ओरडला.

पावसाळी हवा पडली तेव्हा एका शुक्रवारी फर्स्ट गिअर आले नाहीत. साडेबारा झाले, एक वाजला. एव्हाना त्यांचं टेबल रिकामं राहत नसे. तपासनीस, दोन मेकॅनिक आणि सुट्टीवरचे एक-दोन ड्रायव्हर तिथेच बसू लागले होते. तेही दाराकडे बघत होते. वस्तादांनी ताईच्या हाती खिडकी सोपवली, डबा भरला आणि त्यांच्या घराचा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेले.

म्हातारबाबा पांघरूण घेऊन आरामखुर्चीत बसले होते. नाक लाल, डोळे पाणावलेले. "सर्दी आहे रे, बाकी काही नाही. डॉक्टर येऊन गेला. मला वाटलं, ओव्हन लावायचा कंटाळा येतोय तर आज उपाशीच राहावं."

"मी असताना?"

वस्तादांनी डबा उघडला. मसूर होती, सोबत ओव्हनमध्ये भाजलेले कांदे आणि टोमॅटो, वर लिंबू आणि चिमटीभर मीठ. ही त्यांनी स्वतःच काढलेली नवी तऱ्हा होती. म्हातारबाबांनी वास घ्यायचा प्रयत्न केला, पण नाक बंद होतं. मग चमचा भरून घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. वस्ताद पहिल्यांदाच पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्या माणसासारखे बघत होते.

"यात कांदा आधी भाजलास की बरोबरच टाकलास?"

"आधी. वीस मिनिटं."

"मला हे सुचलं नव्हतं," म्हातारबाबा म्हणाले, आणि आज त्यांनी भूक शिल्लक ठेवली नाही. वाटी पुसून संपवली आणि आणखी मागितली. मग डेपोतल्या बातम्या विचारल्या. कुणाची बदली, कुणाच्या मुलीची परीक्षा, भोंग्याच्या गाडीचा क्लच. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मिटले.

वस्तादांनी पांघरूण त्यांच्या खांद्यांपर्यंत ओढलं. भांडी घासून पालथी घातली. बरणीतून दोन मुठी घेवडा काढला, निवडला, पाण्यात भिजत घातला आणि वर झाकण ठेवलं. मग चपला हातात घेऊन दार हळूच लोटलं आणि खाली उतरले. दोन वाजता पाळी संपवून येणारे ड्रायव्हर जेवायला यायची वेळ झाली होती.